मदत हवी आहे: आजीच्या गंजिफ्यातली हरवलेली पानं आणि तिसरा भिडू

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. आजीचं माहेर सावंतवाडीचं, तिथून आलेला तिचा दशावतारी गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचा गोल पत्त्यांचा जोड, सध्या रोज जेवणं झाली की निघतो. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी 12 पानं, एकूण 120. गोल पानं हातात पंख्यासारखी धरायला मला अजून जमत नाही, आजी मात्र बोलता बोलता लावते. दिवसा रामाने उतारी आणि रात्री कृष्णाने, हे ती कधी चुकू देत नाही. एरवी दुपारभर गप्प असणारी आजी डाव मांडला की माहेरच्या माडीवरच्या गोष्टी सांगायला लागते, म्हणून हा खेळ मला मोडू द्यायचा नाहीये.

अडचण अशी की परशुरामाचं चार परशूंचं पान आणि वामनाचा प्रधान (राजाच्या खालचं पान) गहाळ आहेत. आम्ही पुठ्ठ्याची गोल पानं कापून चालवतोय, पण पाठीवरून ती लगेच ओळखू येतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून गंजिफे रंगवतात. जुन्या जोडाला जुळतील अशी सुटी पानं तिथे कुणी करून घेतली आहेत का? नमुना म्हणून एखादं पान पाठवावं लागतं का, खर्च साधारण किती येतो?

दुसरं म्हणजे डाव तिघांचा. आई कधी बसते, कधी नाही. बडोद्यात कुणाला येत असेल, किंवा शिकायची हौस असेल, तर कृपया कळवा. शिकवायला आजी आहेच. संध्याकाळी सातनंतर कधीही या, चहा आमच्याकडे.