विश्रांतीला शून्य मानून काँट्रास्ट लावावा का?

धागाकर्ती, कोल्हापूर:
राजारामपुरीतील आमच्या अभ्यासगटात एफएमआरआयच्या (मेंदूचा कोणता भाग कधी सक्रिय होतो हे रक्तप्रवाहावरून टिपणाऱ्या स्कॅनच्या) विश्लेषणावरून मतभेद झाला, तो येथे मांडते. प्रयोगात तीन स्थिती आहेत: देवनागरीतील खरे शब्द, त्याच अक्षरांची उलटापालट करून बनवलेले निरर्थक शब्द आणि पडद्यावरील फुलीकडे पाहत स्वस्थ पडून राहणे. काहींनी काँट्रास्टमध्ये (स्थितींच्या प्रतिसादांना भार देऊन केलेल्या बेरीज-वजाबाकीत) खऱ्या शब्दांना १ आणि निरर्थकांना ० असा भार देऊन, म्हणजेच विश्रांतीला शून्य धरून तिच्याशी तुलना करून, नकाशा काढला व त्याला ‘वाचनाचा नकाशा’ म्हटले. त्यात डोळ्यांची हालचाल, अक्षरांचे आकार, बटण दाबणारे बोट असे सगळेच येते. शब्दाच्या अर्थाविषयी बोलायचे असेल, तर भार १ आणि −१ असेच हवेत, म्हणजे खऱ्यांतून निरर्थक वजा.

पंचगंगा:
मी असहमत आहे. ‘कमळ’चे ‘ळमक’ केले तरी वाचणारा मनात उच्चार करून पाहतोच, त्यामुळे वाचनातील तो सामाईक भाग तुमच्या वजाबाकीत उडून जातो. शिवाय फरक धन आला म्हणजे खऱ्या शब्दांनी मेंदूचा तो भाग उद्दीपित केला, असे ठरत नाही. अँग्युलर गायरससारख्या (शब्दार्थाशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूच्या वळीसारख्या) भागात दोन्ही स्थिती विश्रांतीच्या पातळीखाली असू शकतात आणि निरर्थक शब्द केवळ अधिक खाली गेलेले असतात. विश्रांतीशी तुलना टाकून दिली, तर हे कळणार कसे?

धागाकर्ती:
हा मुद्दा मान्य, पण ती पातळी तरी स्थिर कुठे आहे? स्टार्क आणि स्क्वायर या स्मृतीच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये दाखवले की विश्रांतीच्या वेळी मेंदूच्या मीडियल टेम्पोरल भागात (टेम्पोरल खंडाच्या आतल्या, स्मृतीशी संबंधित बाजूला) बरीच सक्रियता असते, त्यामुळे विश्रांतीलाच शून्य धरल्यास स्मृतीच्या कामातील वाढ दिसेनाशी होते किंवा उलटीही दिसते. पासंग न पाहता गुळाचा रवा तोलण्यासारखेच हे झाले. (सौद्यात कोणी खपवून घेईल का?)

रंकाळा:
दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते आहे. दोन स्थितींचे विश्रांतीशी वेगवेगळे नकाशे काढून ‘येथे लाल दिसते, तेथे दिसत नाही, म्हणून फरक आहे’ असे म्हणणे चूकच. फरकाचा दावा थेट १, −१ नेच तपासावा लागतो. विश्रांतीचा वेगळा स्तंभही मॉडेलमध्ये (प्रत्येक स्थिती एकेका स्तंभात मांडणाऱ्या सांख्यिकी तक्त्यात) घालू नका, कारण तिन्ही स्तंभांची बेरीज जवळपास स्थिरांकाच्या (सगळीकडे १ असलेल्या) स्तंभाएवढीच होते आणि मग एकट्या स्थितीचा अंदाज भरवशाचा राहत नाही.

पंचगंगा:
मग दावा थेट काँट्रास्टवर करा आणि त्यात आलेल्या प्रत्येक भागासाठी दोन्ही स्थितींची विश्रांतीच्या तुलनेतील सरासरी शेजारी छापा. माझा आग्रह एवढाच आहे.