सोसायटीच्या गणपतीत भूमितीचं टेबल: ६४ = ६५ ची फट कशी लपवायची?

समद्विभुज_पार्ले
नमस्कार मंडळी. पार्ल्यात सोसायटीच्या गणपतीत यंदा मंडपाशेजारी भूमितीच्या कोड्यांचं टेबल लावायचंय. मुलं आठवी ते दहावीची, शिवाय त्यांच्या मागे उभे राहून उत्तर फोडणारे काका. मुख्य कोडं जुनंच: ८×८ चा चौरस दोन त्रिकोण आणि दोन समलंबांत कापून ५×१३ चा आयत, म्हणजे ६४ चे ६५. लांबून दिसायला चौरस ४० सेमीचा तरी हवा, पण घर ५ सेमीचं धरलं की कर्णावरची फट उघडी पडते. काय करावं? शिवाय कोनमापकवाल्यांची जिरवणारं एखादं कोडं सुचवा. आणि भिंतीसाठी विनोद. समांतर रेषांच्या विरहावरचे नकोत, पुरे झाले ते.

फिबोनाची_लोकल
८ सोडा, २१ घ्या. त्रिकोणाच्या तिरक्या कडेचा चढ ३/८ म्हणजे ०.३७५ आणि समलंबाच्या कडेचा २/५ म्हणजे ०.४. या फरकामुळे कर्णावर एक चिंचोळा समांतरभुज चौकोन मोकळा राहतो, त्याचं क्षेत्रफळ बरोबर एक घर. ५ सेमीच्या घरात ही फट सर्वात रुंद जागी जवळजवळ ६ मिमी होते. दिसणारच.

२१×२१ = ४४१ आणि १३×३४ = ४४२. इथे चढ ८/२१ आणि ५/१३, दोन्ही ०.३८ च्या आसपास. घर २ सेमीचं धरलंत तर चौरस ४२ सेमीचा आणि फट मिलिमीटरच्या आत. कापायचं असं: चौरसाची १६ सेमी रुंद पट्टी वेगळी करून ती कर्णावर कापा, दोन त्रिकोण मिळतील. उरलेल्या २६×४२ च्या पट्टीचे दोन समलंब करा, समांतर बाजू २६ आणि १६, उंची २६. आयत होईल २६×६८ चा.

फिबोनाची मालिकेतला (८, १३, २१) मधला १३ मात्र घेऊ नका. १६९ चे १६८ होतात, म्हणजे फट नाहीच, तुकडे एकमेकांवर चढतात.

पुठ्ठा नको, भाद्रपदाच्या दमट हवेत कडा वाकतात. ३ मिमी सनबोर्ड, स्टीलची पट्टी, कटरला नवं पातं, आणि पातं अगदी उभं. ते कललं की कड तिरपी कापली जाते आणि लपवलेली फट पुन्हा वर येते. खालचा कागद तुकड्यांच्याच रंगाचा हवा. भोवती २६×६८ ची चौकट चिकटवा, नाहीतर पोरं तुकडे ढकलून मधली फट बुजवतात, मग बाहेरचे कोपरे बिघडतात आणि कोडं फुटतं.

कोटिकोन
कोनांसाठी लँगलीचं कोडं ठेवा. १९२२ मध्ये ‘मॅथेमॅटिकल गॅझेट’मध्ये आलं होतं, अजून माणसं घाम गाळतात. त्रिकोण अबक मध्ये कोन अ २०°, ब आणि क ८०°. अब वर प बिंदू असा की कोन बकप = ५०°. अक वर म असा की कोन कबम = ६०°. कोन बमप किती?

मुलं सगळे कोन भरत जातात आणि शेवटी ० = ० वर येतात. त्यांचं काही चुकत नाही. कोनांच्या बेरजेची समीकरणं एकमेकांतूनच निघतात, नवी माहिती येत नाही. बाजूंची लांबी कुठून तरी आणावी लागते.

सूचनेच्या चिठ्ठीवर एवढंच लिहा: ‘अक वर न घ्या, कोन कबन = २०°.’ आता बन = बक, आणि बप = बक सुद्धा, कारण कोन बपक ५०° येतो. कोन नबप ६०°, म्हणून बनप समभुज. कोन नबम आणि नमब दोन्ही ४०°, म्हणून नम = नब = नप. कोन पनम = १८० − ८० − ६० = ४०°, त्यामुळे कोन नमप ७०°. त्यातून ४० गेले, उरले ३०°.

पाया १० सेमी घेतलात तर उंची २८ च्या वर जाते, ए-फोरवर मजकुराला जागा उरत नाही. ७ घ्या, उंची २० सेमीच्या आत बसते. कोनमापकाची भीती असेल तर आकृती मुद्दाम बेढब काढा आणि खाली ‘प्रमाणात नाही’ लिहा. काका तरीही मोजतील.

जीवा_आणि_शिवा
विनोद घ्या, पण प्रत्येकाखाली त्याचं प्रमेय लावा, म्हणजे पोरं थांबून वाचतात.

‘काटकोन त्रिकोणात आणि कुंतीच्या घरात सगळ्यात मोठा कोण? कर्ण.’

याचा पुढचा भाग जास्त चांगला: काटकोन त्रिकोणाचं परिवर्तुळ काढलं की कर्ण हाच व्यास. म्हणजे महाभारत कर्णानेच लिहिलं!

‘वर्तुळाचा परीघ दोन पायांवर चालतो, क्षेत्रफळ एका पायावर उभं असतं.’ हा दहावीवाल्यांना लगेच कळतो, आठवीला सूत्र (२πr आणि πr², पाय म्हणजे π) शेजारी लिहून द्या.

समद्विभुज_पार्ले
कर्णाचा फलक नक्की. फिबोनाची, २१ चा सनबोर्ड उद्याच कापायला देतो. काकांना गुंतवायला अजून एखादं?

कोटिकोन
दोन समकेंद्री वर्तुळं. मोठ्याची १० सेमीची जीवा लहानाला स्पर्श करते. मधल्या कंकणाचं क्षेत्रफळ? ‘त्रिज्याच दिलेली नाही’ अशी तक्रार येईल, येऊ द्या. जीवेचा अर्धा भाग ५, म्हणून पायथागोरसने दोन त्रिज्यांच्या वर्गांतला फरक २५, आणि क्षेत्रफळ २५ पाय चौरस सेमी. हुशार काका लहान वर्तुळाचा थेट बिंदू करतील, मग जीवा व्यास होते आणि उत्तर तोंडी येतं. त्यांना विचारा, त्रिज्या काहीही असली तरी उत्तर बदलत नाही हे कशावरून?