भुसावळला भरीत-पार्टी : शंभर जणांचं प्रमाण?

प्रश्नकर्ता : कॉलनीत मराठी, सिंधी, गुजराती, तेलुगू अशी सगळी घरं आहेत. डिसेंबरात शेतात भरीत करायचं आहे. वांगी किती, तारीख कोणती धरावी?

तापीकाठ : चंपाषष्ठीनंतरचा रविवार धरा. चातुर्मासापासून वांगं सोडलेले तेव्हाच खातात. बामणोद गावची हिरवी-पांढरी, लांबट वांगी २५-३० किलो घ्या. हातात हलकं लागेल तेच उचला, जड वांग्यात बिया असतात. भाजण्याआधी टोचून तेलाचं बोट फिरवा, नाहीतर फुटतात. जाळ तुरकाठ्यांचाच हवा. गॅसवर साल करपते, गर कच्चा राहतो.

खान्देशी ठेचा : सोलल्यावर देठ धरून पाणी निथळू द्या, मगच बडगीत (लाकडी उखळीत) ठेचा. मिक्सर लावलात तर लगदा होईल! हिरवी मिरची एक किलो, पण भाजून, लसणासोबत वेगळी ठेचा; तिखट शेवटी चाखत मिसळा. कांद्याची पात, शेंगदाणे फोडणीत.

तापीकाठ : जैन शेजाऱ्यांना आधी विचारा. बरेच जण वांगंच खात नाहीत, लसूण काढून भागत नाही. त्यांच्यासाठी शेवभाजी, कांदा-लसूण न घालता, वेगळ्या पातेल्यात.

प्रश्नकर्ता : आणि भाकरी?

खान्देशी ठेचा : कळण्याची. चार किलो ज्वारीला एक किलो अख्खे उडीद, मीठ घालूनच दळून आणा. थापणारे कमी असतील तर सरळ पुऱ्या करा.