‘सूचक’ म्हणावे की ‘जागल्या’?

प्रश्न (खानापूर) : शाळेच्या विज्ञान मंडळासाठी पाणथळ जागांतील रासायनिक प्रदूषणावर टिपण लिहीत आहे. ज्या वन्य सस्तन प्राण्यांच्या शरीरावरून पाण्यातील विष ओळखता येते, त्यांना ‘सूचक प्राणी’ म्हणावे का? आमच्याकडे सूचक म्हटले की सोसायटीच्या सभेतील सूचक-अनुमोदकच डोळ्यांपुढे येतात. शिवाय पाणमांजराला ऊद म्हणायचे की उदमांजर?

उत्तर (बेळगाव) : बाई, आधी ऊद. हा शब्द संस्कृत ‘उद्र’वरून आला असून तो पाणमांजराचाच आहे, उदमांजर हे झाडावर चढणारे, रात्री हिंडणारे वेगळेच जनावर. (ज्या उदाला आपण पाण्यातले मांजर म्हणतो, त्याला आपले कन्नड शेजारी ‘नीरुनायी’, म्हणजे पाण्यातला कुत्रा म्हणतात!)

‘सूचक’मध्ये मात्र दोन अर्थ मिसळले आहेत. प्राण्याच्या असण्या-नसण्यावरून पाण्याची अवस्था ताडायची असेल तर ‘जैवसूचक’ चालेल. पण मलप्रभेच्या एखाद्या डोहातून ऊद नाहीसा झाला म्हणून दोष रसायनांचाच ठरत नाही, कारण वाळूउपसा आणि शिकार यांनीही तो परागंदा होतो. त्याच्या अंगात साठलेले विष मोजणे ही निराळी गोष्ट आहे. मासे खाणारा ऊद अन्नसाखळीच्या टोकाला असल्याने पाण्यात नाममात्र असलेली पीसीबी (कारखान्यांत वापरली गेलेली क्लोरीनयुक्त रसायने), डिलड्रिन (एक कीटकनाशक) यांसारखी द्रव्ये त्याच्या चरबीत आणि यकृतात एकवटतात, आणि पारा तर केसांतही उतरतो. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ऊद झपाट्याने घटले, त्याचे प्रमुख कारण बियाण्यांना चोळण्यासाठी आणि मेंढ्या बुचकळण्यासाठी वापरले जाणारे डिलड्रिन मानले जाते. अशा प्राण्याला मी ‘जागल्या’, म्हणजे गावाचा रात्रीचा राखणदार, म्हणेन.

प्रश्नकर्ती : सर, शब्द आवडला, जरी आमच्या गावात जागल्याचे काम तळवार करीत असे. पण जागल्या चोर शिरण्याआधी हाळी देतो. ऊद तर बहुधा मेल्यावर, त्याचे यकृत तपासल्यानंतर बोलतो.

उत्तर : हरकत रास्त आहे. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये माणसांतील पाऱ्याच्या विषबाधेची अधिकृत नोंद होण्याआधीच मांजरे झिंगल्यासारखी वागून मरत होती, म्हणजे हाळी मिळाली होती. पण ती पाळीव मांजरे. तेव्हा जिवंत उदाचे केस तपासले असतील तिथे ‘जागल्या’ लिहावे, आणि मृत उदाचे यकृत तपासले असेल तिथे ‘साक्षीदार’. ‘प्रदूषणमापक’ मात्र लिहू नका. मापक म्हटले की यंत्र वाटते.