दिल्लीवरची क्षेपणास्त्र-ढाल: उपखंडात स्थैर्य वाढतं की घटतं?

कृत्तिका (धागाकर्ती)
24 जुलै 2024 रोजी दुपारी 4.20 ला ओडिशातल्या धामराहून लक्ष्य-क्षेपणास्त्र सुटलं आणि 4.24 ला ते पाडायला चांदीपूरहून इंटरसेप्टर निघालं. 5000 किमी पल्ल्याच्या वर्गातली क्षेपणास्त्रं अडवण्याची क्षमता दिसली, असं सरकारने जाहीर केलं. अभियंत्यांचं काम अव्वल आहे, त्यात वाद नाही. पण हीच ढाल शहरांवर पसरवत नेली तर आपला धोका वाढेल, असं माझं ठाम मत आहे.

हिशेब मांडते. एका थराचं यश 80 टक्के धरा. युद्धाच्या धामधुमीत हा आकडा फारच उदार आहे. वातावरणाबाहेर एक थर, आत दुसरा. दोन्हींतून निसटण्याची शक्यता 4 टक्के. दहा वॉरहेड (क्षेपणास्त्राच्या टोकावरचे बॉम्ब, इथे अण्वस्त्रं) आले तर एकही न निसटण्याची शक्यता साधारण 66 टक्के. तीस आले तर 29. आणि दहाचे तीस करायला जास्त क्षेपणास्त्रंही लागत नाहीत, एकेकावर तीन वॉरहेड बसवले की झालं. जानेवारी 2017 मध्ये पाकिस्तानने 'अबाबील' या अनेक वॉरहेड नेणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली, तेव्हा प्रदेशात वाढणाऱ्या बचाव यंत्रणांपुढे आपली क्षेपणास्त्रं टिकावीत हा हेतू त्यांच्या लष्कराने निवेदनातच सांगितला होता.

धनुर्धर
गणित मान्य, पण ते शहर वाचवण्याचं आहे. आपलं 2003 चं जाहीर धोरण अण्वस्त्रांचा 'प्रथम वापर नाही' असं आहे. म्हणजे पहिला घाव सोसून मग उत्तर द्यायचं, आणि त्याचा आदेश देणारे लोक दिल्लीत बसतात. दोन-तीन क्षेपणास्त्रांत नेतृत्व संपवता येईल असा भरवसा समोरच्याला वाटणं हीच सर्वांत मोठी अस्थिरता. ढालीने तो भरवसा मोडतो. तीस वॉरहेडांचा हल्ला करायचा तर लाँचर बाहेर काढावे लागतात, हालचाल उपग्रहांना दिसते. शिवाय चुकून सुटलेल्या एखाद्या क्षेपणास्त्रामुळे लाखो माणसं मरू नयेत, हे कारण एकटंच पुरेसं आहे.

कृत्तिका
तुमचा हेतू रावळपिंडीतल्या, म्हणजे पाकिस्तानी लष्कराच्या मुख्यालयातल्या, योजनाकाराला दिसत नाही. त्याला दिसतात मार्च 2024 मध्ये एकापेक्षा जास्त वॉरहेड घेऊन उडालेलं आपलं अग्नी-5 क्षेपणास्त्र आणि जोडीला ढाल. तो असाच विचार करणार, की भारताने आधी आमची बहुतेक शस्त्रं जमिनीवरच मोडली तर उरलेली पाच-दहा या ढालीत अडकतील. म्हणजे शस्त्रं लवकर पांगवा, वॉरहेड आधीच जोडून ठेवा. ढाल छोटी असली तरी समोरचा तिच्यावर उपाय शोधतोच, हे मॉस्कोभोवतीच्या ढालीने दाखवलं होतं. अशा ढालींवर मर्यादा घालणाऱ्या 1972 च्या करारात अमेरिका आणि सोव्हिएत संघाला प्रत्येकी दोन ठिकाणी ढाल उभारायची मुभा होती, 1974 मध्ये एकच ठिकाण उरलं, इंटरसेप्टर जास्तीत जास्त 100. तरी त्या एका ढालीला भेदण्यासाठी ब्रिटनने 'शेव्हलाइन' या आपल्या क्षेपणास्त्रांच्या सुधारणा-प्रकल्पावर सुमारे अब्जभर पौंड ओतले.

दोलनमापक
दोघांच्या बोलण्यात रडार आणि घड्याळ येत नाही, आणि निकाल तिथेच लागतो. 600 किमी पल्ल्याचं क्षेपणास्त्र साधारण 150 किमी उंची गाठून सहा-सात मिनिटांत पोचतं. क्षितिजावर येणं, माग पक्का होणं, आदेश, हे सगळं त्यातच. पहिला मारा चुकला का हे पाहून दुसरा करायला वेळ उरत नाही, म्हणून एका लक्ष्यावर दोन इंटरसेप्टर एकदम सोडावे लागतात. साठा दुप्पट वेगाने संपतो.

फुग्यांसारखे हलके डिकॉय (फसवी, खोटी लक्ष्यं) निर्वात पोकळीतच खऱ्या वॉरहेडसोबत चालतात. या पल्ल्यात 100 किमीच्या वर जेमतेम साडेतीन मिनिटं मिळतात. खाली आल्यावर हवा त्यांना मागे खेचते. त्यामुळे 15-30 किमी उंचीवर मारणाऱ्या आतल्या थराला डिकॉयचा त्रास नाही, पण त्याच्या छत्राखाली काही दहा किलोमीटरच येतात. म्हणजे आदेश-केंद्र राखणं शक्य, अख्खं महानगर राखणं अवघड.

आणि कृत्तिका, तुमचे 4 टक्के दोन थर एकमेकांपासून स्वतंत्र मानून काढलेत. दोन्ही थर एकाच दूरपल्ल्याच्या रडारवर विसंबले असतील आणि तेच बंद पडलं, तर दोन्ही एकदमच जातात.

सागरगड
बातम्यांत दिल्लीसोबत मुंबईचंही नाव येतं, म्हणून हे सांगायलाच हवं. पाण्याखालून सुटणारं 450 किमी पल्ल्याचं 'बाबर-3' पाकिस्तानने जानेवारी 2017 मध्येच दाखवलं आहे. ते क्रूझ क्षेपणास्त्र आहे, म्हणजे उंच कमानीत न जाता विमानासारखं खालून उडत, समुद्रालगत येतं. 30 मीटर उंच मास्टवरच्या रडारला 50 मीटरवरून येणारं लक्ष्य साधारण 50 किमीवर दिसतं. ताशी 800 किमी वेगाने ते चार मिनिटांच्या आत दारात. पृथ्वीच्या वक्रतेवर उपाय एकच, रडार विमानात घालून वर न्या. मुंबईसाठी पहिला पैसा तिथे जायला हवा.

धनुर्धर
सागरगड, पूर्ण सहमत. पण कृत्तिका, 1972 सारखी संख्येची मर्यादा इथे चालणार नाही. त्या करारात दोनच पक्ष होते. आपल्या उत्तरेला चीन आहे, त्याने जानेवारी 2010 मध्येच अवकाशातल्या टप्प्यात क्षेपणास्त्र अडवण्याची चाचणी केली आहे. इस्लामाबादशी आकडा ठरवून बीजिंगसमोर हात बांधून घ्यायचे का?

कृत्तिका
आकडा मागतच नाही. ऑक्टोबर 2005 च्या भारत-पाक करारानुसार जमिनीवरून जमिनीवर मारणाऱ्या बॅलिस्टिक (उंच कमानीत जाऊन खाली येणाऱ्या) क्षेपणास्त्रांच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी द्यावी लागते. इंटरसेप्टर आणि क्रूझ त्यात नाहीत. दोन्ही त्या यादीत घाला. त्याने चीनसमोर आपलं एकही इंटरसेप्टर कमी होत नाही.

धनुर्धर
क्रूझला लगेच हो. मार्च 2022 मध्ये आपलं एक क्षेपणास्त्र अपघाताने सुटून पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडलं, तेव्हा दोन्ही बाजूंची शांतता निव्वळ संयमावर टिकली. इंटरसेप्टरची मात्र फक्त तारीख आणि विमानं-जहाजांसाठी बंद ठेवायचं क्षेत्र कळवावं, अडवण्याची उंची नाही. ती कळली की हल्ल्याचा मार्ग तिच्याभोवती आखता येतो.