मदत हवी आहे: जायरो म्हणतो 90, कोनमापक म्हणतो 105

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शनिवारी शाळा सुटली की नववीची सहा मुलं रोबोट करायला थांबतात. एक मीटर बाजूचा चौरस फिरून निघाल्या जागी परत यायचं, एवढंच काम. अर्दुइनो उनो (प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड), दोन पिवळ्या बीओ (गिअरच्या छोट्या) मोटारी आणि तापकीर गल्लीतून आणलेला एमपीयू-6050 चा बोर्ड. त्यावर वळण्याचा वेग मोजणारा जायरो आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखणारा अ‍ॅक्सिलरोमीटर असतो.

रोबोट टेबलावर नुसता ठेवला तरी कोन सरकत राहतो, दहा सेकंदांत साधारण एक अंश. सुरुवातीला 500 रीडिंगची सरासरी काढून वजा करतो, तरीही.

त्याहून छळणारी गोष्ट वळणाची. वळून थांबल्यावर पडद्यावर 90 येतात, पण फरशीवर खडूने रेघ मारून कोनमापक लावला की 105च्या आसपास भरतात. मोटारी बंद झाल्यावर तो घसरत असेल म्हणून वेग निम्मा केला, फरक शून्य. एका मुलीच्या लक्षात आलं की वळताना प्रोग्रामच्या दर फेरीला कोन छापायला लावला, तर तो जवळजवळ उलट्या तोंडाचा होतो! छापल्याने रोबोट जास्त का वळावा?

लूपमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, दहा मिलिसेकंदांचा डिले (थांबा) आहे, म्हणून दर फेरीला कोनात वेग गुणिले 0.01 सेकंद मिळवतो. जायरोची रेंज सेकंदाला ±250 अंश, त्यामुळे त्याचा कच्चा आकडा 131 ने भागतो. जायरो आणि अ‍ॅक्सिलरोमीटरचे आकडे मिसळणाऱ्या कॉम्प्लिमेंटरी फिल्टरने कलण्याचा कोन छान स्थिरावला, वळण्याचा नाही. 90 ऐवजी 78 लिहिलं की जमतं, हे मुलांनी शोधलंय. पण कारण कळल्याशिवाय मला ते पुढे न्यायचं नाही.

सोल्डरगन: मॅडम, त्या मुलीला शाबासकी द्या, उत्तर तिनेच शोधलंय. डिले दहाचा असला तरी सेन्सर वाचायला दीडेक मिलिसेकंद वेगळे लागतात. फेरी साडेअकराची, तुम्ही धरता दहा. त्या हिशेबाने 90 चे 104 होतात. छापण्याचा वेग 9600 बॉड असेल तर सेकंदाला 960 अक्षरं जातात, म्हणजे आठ-नऊ अक्षरं छापली की आणखी नऊ मिलिसेकंद गेले. 0.01 काढून टाका, मायक्रोज (मायक्रोसेकंदांत वेळ सांगणारं फंक्शन) वापरून दर फेरीचा खरा वेळ मोजा.

सरकण्याचं म्हणाल तर सेकंदाला 0.1 अंश म्हणजे जायरोच्या कच्च्या आकड्यात जेमतेम 13 काउंट. सरासरी घेताना रोबोट कुणाच्या हातात असतो का? बोर्ड मिनिटभर तापू द्या, जमिनीवर ठेवा, मग शून्य घ्या. फिल्टर इथे कामाचा नाही. जागच्या जागी वळताना गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलतच नाही, मग अ‍ॅक्सिलरोमीटरला कळणार कसं? होकायंत्राच्या सेन्सरच्याही नादी लागू नका, मोटारींची चुंबकं शेजारीच आहेत.

धागाकर्ती: हातातच असतो! बटण खालच्या बाजूला आहे, म्हणून मुलं उचलून धरतात. आज बटण वर आणलं आणि मायक्रोज लावलं. कोनमापकावर 91, 90, 92. त्या मुलीने तिन्ही आकडे फळ्यावर लिहून ठेवलेत, पुसू देत नाही.