घरी टकळी चालू, शाळेत चिडीचूप! टीचरला मी चुकीचं बोलले का?

डोंबिवलीकरीण:
लेक साडेपाच वर्षांची, सिनिअर केजीत. शनिवारी पीटीएम होती. टीचर म्हणाल्या हुशार आहे, वही नीट आहे, पण जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही, हजेरीला नुसता हात वर करते, ऱ्हाइम्सला ओठसुद्धा हलवत नाही, एकदा काउन्सेलरला दाखवा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं मॅडम, घरी हिची टकळी कुकरच्या शिट्टीवर चढते, तुमच्याकडे एका वर्गात चाळीस पोरं, त्यात सगळं इंग्लिशमधून, जी दंगा करतात त्यांना फिंगर ऑन युवर लिप्स आणि जी आपणहून गप्प बसते तिला काउन्सेलर? मागे लाइनीत उभ्या पालकांनी सगळं ऐकलं. नवरा म्हणतो जास्तच बोललीस. मी स्वतः चौथीपर्यंत शाळेत तोंड उघडत नव्हते, आता बँकेत काउंटरवर बसते, दिवसभर बोलणं हेच काम. काय वाटतं तुम्हाला?

निवांत_नाना:
बरोबर सुनावलंत. आमच्या वेळी गप्प पोराला गुणी म्हणायचे. आमचा नातू तीन वर्षांचा होईस्तोवर धड बोलत नव्हता, आता त्याला गप्प बसवायला चॉकलेट द्यावं लागतं.

बालवाडीताई:
नाना, गुणी म्हणायचो कारण आपल्याला त्रास नव्हता. 19 वर्षं केजी शिकवतेय म्हणून सांगते. ताई, एकच विचारते, शू लागली तर सांगते का ती वर्गात?

डोंबिवलीकरीण:
नाही सांगत. जुलैत दोनदा फ्रॉक ओला करून आली, पाण्याची बाटली सांडली म्हणाली, मी धरून चालले. टीचर हेपण बोलल्या होत्या, वर लिहिलं नाही मी.

खवट_पुणेकर:
म्हणजे मुख्य गोष्ट गाळून आमच्याकडून निकाल मागितलात. छान.

स्पीचवाली:
इथे बसून निदान कोणी करू नये, मीपण करत नाही. पण आधी कान तपासा. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, मग कधी नीट ऐकू येतं कधी कमी, शांत घरात निभावतं आणि गोंगाटाच्या वर्गात निभावत नाही. कान ठीक असतील तर सिलेक्टिव्ह म्युटिझम हा शब्द डॉक्टरांना विचारा. घरी भरभरून बोलणारं मूल ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही, हट्ट नसतो तो, भीती असते. डॉक्टर निदानाला वापरतात त्या मानसिक विकारांच्या यादीत, म्हणजे 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, तो अँक्झायटीच्या गटात आहे. निदानासाठी किमान महिनाभर तरी हे चाललेलं लागतं, शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, आणि भाषाच येत नाही म्हणून गप्प असेल तर ते हे नव्हे.

मायबोलीतच_शिकवा:
शेवटचं वाक्यच महत्त्वाचं! नवी भाषा कानावर पडायला लागली की पोरं काही महिने नुसती ऐकून घेतात. 2020 चं शैक्षणिक धोरणसुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं, आणि आपण तीन वर्षांच्या पोराला मे आय गो टू वॉशरूम पाठ करायला लावतो. काउन्सेलर नको, शाळा बदला.

स्पीचवाली:
डब्याच्या वेळी शेजारच्या मुलीशी मराठीत बोलते का, तेवढं टीचरना विचारा. मराठीतही बोलत नसेल तर सगळं माध्यमावर ढकलू नका.

मायबोलीतच_शिकवा:
मान्य. पण माध्यमाचा काहीच संबंध नाही हे मला पटायचं नाही.

निवांत_नाना:
अहो एवढ्याशा पोरीला असलं इंग्रजी नाव चिकटलं की जन्मभर निघत नाही!

बालवाडीताई:
आणि लाजाळू हे नाव नाही का नाना? ते तर आपण पाहुण्यांसमोर तिच्या तोंडावर म्हणतो. माझ्या वर्गात असाच एक होता. मी त्याला "बोल ना, बोल ना" करणं बंद केलं आणि शू लागली की बाटलीचं लाल बूच बाकावर ठेवायचं असं ठरवलं. जानेवारीत एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पेन्सिल मोडली." तोवर नुसतं बूच. बाकी ताई, लाइनीतल्या लोकांसमोर काउन्सेलरचं नाव काढलं ही टीचरचीही चूकच, ते बाजूला घेऊन सांगायचं असतं.

डोंबिवलीकरीण:
काल रात्री ती उशा मांडून शाळा-शाळा खेळत होती, मी दाराआडून बघत होते. अख्खी हजेरी घेतली, सगळं इंग्लिशमधून, प्रत्येक उशीचं "प्रेझेंट मिस" तीच म्हणत होती, वेगवेगळ्या आवाजात. मग स्वतःचं नाव घेतलं, थांबली, आणि नुसता हात वर केला.
टीचरना डायरीत मराठीतच लिहिलंय की शनिवारी आवाज चढला, सॉरी, आणि शूसाठी काहीतरी खूण ठरवू या. कान मंगळवारी दाखवतोय. काउन्सेलरचं अजून ठरत नाहीये माझं.

खवट_पुणेकर:
चाळीस पोरांत ते बूच टीचरना दिसणार कसं?

बालवाडीताई:
पहिल्या बाकावर बसवायला सांगा. दाराच्या बाजूला.